टोचणी शांत आहे

त्या सकाळी ऋजुता हिरुरकरला एकदाही टोचलं नाही. आमच्या कॉलेजात याहून मोठं कौतुक नव्हतं. समोर खाटेवरचा माणूस मात्र हळूहळू मरत होता.

मी मैथिली गेडाम. हॉस्टेलवर ऋजुताची आणि माझी खोली एकच. पहिल्या वर्षापासून आम्ही जोडीनं अभ्यास केला, जोडीनं रडलो, आणि शेवटच्या वर्षात तिनं मला पद्धतशीरपणे लांब ठेवलं. मला ते फार लागलं होतं. पण आधी टोचणीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या दोघींच्या मध्ये तीच आली.

टोचणीचं खरं नाव लांबलचक आहे, आणि डॉ. वसुधा चेंडके मॅडम सोडल्या तर ते कुणी उच्चारत नाही. केसांखाली बसणारी एक कापडी पट्टी, तिच्यात बारीक संवेदक आणि कानामागे मसुराएवढं बटण. आपल्या मेंदूत, कपाळाच्या मागे, बरोबर मधोमध एक वळी आहे. आपण काही चुकीचं केलं, किंवा समोरची एखादी गोष्ट आपल्या समजुतीत बसली नाही, की त्या वळीत क्षणभर विजेची एक लहर उठते. चूक आपल्याला कळायच्या आधीच तिला कळलेली असते. गंमत अशी, की बहुतेक वेळा ती आपल्यापर्यंत पोचतच नाही. घाई असते, झोप झालेली नसते, बाहेर पेशंट ताटकळत असतात, किंवा आपण हुशार आहोत हे आपल्याला आधीच पटलेलं असतं. लहर विरते, आणि आपण ठासून चुकीचं औषध लिहितो.

चेंडके मॅडमनी ही विरणारी लहर पकडली. त्यांचं म्हणणं असं, की डॉक्टर चुकतात ते अज्ञानानं कमी आणि लवकर थांबल्यानं जास्त. पहिलं बरं दिसणारं निदान हाती लागलं की डोकं दुकान बंद करतं. पट्टीला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. तिला इतकंच कळतं, की तुमच्याच मेंदूला काहीतरी खटकलंय आणि तुम्ही त्याच्याकडे कानाडोळा करताय. मग कानामागे बारीकसं टोचतं. निदान सुचवणारी यंत्रं तेव्हाही होतीच, ढिगानं होती. पण तुम्ही पेशंटला विचारून जे आत भराल त्यावरच ती बोलणार. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुठून येणार? टोचणी त्याच्या आधी काम करायची.

पट्टी आली तेव्हा आमच्या तुकडीनं नुकताच वॉर्डात पाय ठेवला होता. ती सुरुवातीची वर्षं खरंच चांगली होती. ऋजुताला तर सारखं टोचायचं. टोचलं की ती थांबायची, डोळे मिटायची आणि स्वतःलाच मोठ्यानं विचारायची, ‘काय बसत नाहीये इथे?’ मग पुन्हा पेशंटकडे. एका आजींच्या खाटेशी ती एका दुपारीत इतक्या वेळा गेली, की आजी म्हणाल्या, ‘बाई, तुले माह्यासाठी नवरा पाहायचा हाये का?’ त्या आजींचा क्षयाचा म्हणून धरलेला खोकला शेवटी हृदयाचा निघाला. तो ऋजुतानं शोधून काढला.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये आमची ‘उलट फेरी’ चालायची. नियम एकच. आज केलेलं प्रत्येक निदान चुकीचं आहे असं धरायचं आणि ते पाडायचं. मी तिचं पाडायची, ती माझं. भजी गार व्हायची, आवाज चढायचे, शेजारच्या टेबलावरची पोरं वैतागून उठून जायची. मॅडमनी एकदा हे ऐकलं. म्हणाल्या, ‘हे सोडू नका गं. पट्टी एक दिवस निघेल, ही सवय राहिली पाहिजे.’

मग विद्यापीठाला पट्टी दिसली. आपल्याकडे एखादी गोष्ट मोजता येते असं कळायचा अवकाश, तिला गुण द्यायचं वेड लागतं. मॅडमचं मूळ सूत्र अवघड होतं. लहर उठली का, विद्यार्थी तिच्यामागे गेला का, आणि शेवटी ती उत्तर सापडून शमली का, असं सगळं त्यात होतं. विद्यापीठानं त्यातलं सोपं तेवढं उचललं. कमी टोचलं, की विद्यार्थी चांगला. त्याला नाव दिलं ‘शांतांक’. मॅडम भांडल्या, मुंबईला खेपा घातल्या. पुढे पदव्युत्तर जागा शांतांकावर भरायचं ठरलं, मॅडमच्या विभागाला नवी इमारत मिळाली, आणि भांडण मिटलं. या दोन गोष्टींचा संबंध मी लावते. ऋजुता त्यावरून मला दटावते.

इथे एक सांगायला हवं. कुणी लबाडी केली नाही. पट्टी सैल बांधणं, गोळ्या घेणं, असले प्रकार लगेच पकडले जायचे. जे झालं ते मेंदूनं आपणहून केलं. भुंकलं की काठी बसते हे कुत्र्याच्या ध्यानात आलं, की ते चोर आला तरी गप्प पडून राहतं, तसं. पहिल्यांदा आमचे प्रश्न बदलले. ‘काय होतंय, सगळं सांगा’ असं कुणी पेशंटला विचारेना, कारण पेशंट सगळं सांगायला लागला की त्यात न बसणारं काहीतरी हमखास निघतं आणि टोचतं. सगळे ‘हो की नाही’ विचारायला लागले. ताप आहे का? हो. थंडी वाजते का? हो. झालं. नंतर नजर बदलली. पेशंटच्या चेहऱ्याकडे बघणंच कमी झालं. आणि सगळ्यात शेवटी, कुणाच्या लक्षातही न येता, ती लहरच उठेनाशी झाली. पट्टीची नोंद दाखवणाऱ्या पडद्यावरची रेघ सपाट जायची आणि खाली हिरव्या अक्षरांत ओळ उमटायची, ‘टोचणी शांत आहे’. त्या ओळीसाठी पोरं नवस बोलायची.

मला काही हे जमलं नाही. मी मुळातच संशयी. आई म्हणते, मी लहानपणी खीरसुद्धा हुंगून खायची. मला दिवसभर इतकं टोचायचं, की पोरं मला ‘सुईदोरा’ म्हणत. शांतांकात मी तळाला गेले आणि माझ्यासारख्यांना परीक्षेऐवजी अपघात विभागात मदतनीस म्हणून लावलं, सलाइन लावायला आणि रक्तदाब मोजायला.

ऋजुता मात्र चढत गेली. तिला मॅडमच्याच विभागातली जागा हवी होती, मेडिसिनची, आणि ती एकच होती. एका संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी तिचं निदान पाडायला घेतलं, तेव्हा तिनं कानामागे हात नेला आणि खुर्ची मागे सरकवली.

‘मैथू, आता हे बंद करू,’ ती म्हणाली.

‘का? हरून राहिली म्हणून?’

‘तुझ्याशी बोललं की मला टोचतं गं. पट्टी दिवसभर नोंद घेते. मला ती जागा पाहिजे.’

मी हसले. ती हसली नाही. त्यानंतर आम्ही एका खोलीत राहून जेवण झालं का, गिझर चालू आहे का, एवढंच बोलायचो. मला तिचा राग यायचा, आणि तिच्यावाचून करमायचंही नाही. दोन्ही एकदम.

अंतिम परीक्षा अपघात विभागातच व्हायची. जो पेशंट दारातून येईल तो परीक्षार्थीचा. वरिष्ठ डॉक्टर शेजारी बसलेले असत; पण त्यांच्यासमोर पडदा असायचा, आणि रेघ सपाट असली की ते डोळे झाकून मान्यता द्यायचे. तशी पद्धतच पडली होती. एकदा मान्यता पडली की केस बंद. बंद केस विद्यार्थ्यानं पुन्हा उघडली, तर त्या दिवसाचा शांतांक शून्य. नियमामागचा विचार असा, की ज्याला स्वतःच्या निर्णयाचा भरवसा नाही त्याच्या हाती पेशंट द्यायचे कशाला.

त्या सकाळी ऋजुताचे सुरुवातीचे पेशंट झटपट झाले. रेघ सपाट. शेजारी बसलेले डॉ. लाखे सर खुशीत होते. मग प्रणय मेश्राम आला. तिशीचा, धानाच्या गिरणीत काम करणारा. एका हातानं बायकोचा खांदा धरलेला, दुसरा पोटावर. बायकोचं नाव स्नेहल.

‘रात्री बरे होते, मॅडम,’ ती म्हणाली. ‘पहाटे उठले तं पोट धरूनच बसले.’

‘उलटी?’

‘झाली एक.’

‘काल बाहेर जेवले?’

‘हो, शेजारी लगन होतं.’

‘जुलाब?’

‘नाही.’

‘ताप?’

‘नाही.’

ऋजुतानं पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. रक्तदाब मीच मोजला, ठीक होता. गळा दुखतो असं प्रणय पुटपुटला. उलटीनं दुखत असेल, असं ऋजुता म्हणाली. त्याचे डोळे अर्धवट मिटलेले होते. झोप झाली नसेल. प्रत्येक गोष्टीला जागा सापडत गेली. लग्नातलं जेवण, जठराचा दाह, एक इंजेक्शन, थोडा वेळ थांबवून घरी. लाखे सरांनी पडद्यावर बोट टेकलं. केस बंद. टोचणी शांत आहे.

इंजेक्शन द्यायला मी गेले. सुई आत गेली आणि प्रणयच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. माझ्याकडे बघायला त्यानं हनुवटी वर केली, पापण्यांच्या खालून बघितल्यासारखं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती त्यानं बाहीला पुसली. मला टोचलं. लगेच पुन्हा टोचलं. पण मला दिवसभर टोचतच असतं, त्यामुळे माझाही स्वतःच्या टोचणीवरचा विश्वास उडत चालला होता. तरी मी ऋजुताच्या टेबलाशी गेले.

‘ऋजू, त्या मेश्रामपाशी मला टोचलं.’

‘तुला भिंत बघूनही टोचतं,’ ती हळू आवाजात म्हणाली. पुढचा पेशंट खुर्चीत बसत होता.

‘पोट एवढं दुखून राहिलं, तं त्याचं तोंड का वाकडं होत नाही?’

एवढंच मी बोलले, आणि परत जायला वळले. मागे काही आवाज आला नाही म्हणून पाहिलं, तर ऋजुता तशीच बसून होती, पेन हातात धरून, पडद्याकडे बघत. रेघ सपाट होती.

त्या क्षणी तिला काय झालं ते तिनं मला पुढे सांगितलं. ‘तू बोललीस ते बरोबर आहे, हे मला कळलं. हिशेबानं कळलं. पोट दुखणाऱ्या माणसाचा चेहरा हलतो. आता मला खटकेल म्हणून मी थांबले. काहीच खटकलं नाही. आत नुसतं शांत. सुरुवातीच्या वर्षांत अशा वेळी मी उठून जायची, हे माहीत होतं. म्हणून उठले.’

ती उठली. लाखे सरांनी मान वर केली.

‘हिरुरकर, ती केस बंद झालीय.’

‘उघडायचीय, सर.’

‘शून्य पडेल. जागा जाईल तुझी. टोचलं का तुला?’

‘नाही.’

‘मग कशाला?’

‘नाही टोचलं म्हणूनच बघते, सर.’

सरांना ते समजलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा समजलं नाही. तिनं पडद्यावर स्वतःच्या हातानं केस उघडली. हिरवी ओळ गेली आणि लाल चौकटीत शून्य आलं. ज्या जागेसाठी तिनं मला दूर केलं होतं ती जागा माझ्या डोळ्यांदेखत गेली. तिनं त्या चौकटीकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. ती प्रणयच्या खाटेशी स्टूल ओढून बसली.

‘स्नेहलताई, काल संध्याकाळपासून सगळं सांगा. मी मध्ये बोलणार नाही.’

स्नेहल गोंधळली. हॉस्पिटलात असं कुणी विचारत नाही, हे आता पेशंटनाही सवयीचं झालं होतं. मग ती सांगत गेली. लग्नातून आले. लाइट गेली होती. घरात उकडत होतं म्हणून दोघं पडवीत खाली सतरंजी टाकून झोपले. शेजारी धानाची पोती. तिनंही तेच अन्न खाल्लं होतं, तिला काही झालं नव्हतं. पहाटे हे पोट दुखतं म्हणून उठले. मग म्हणाले, तू दोन-दोन दिसतेस. तिला वाटलं, थट्टा करतात.

‘सकाळपासून बोलणंही धड होऊन नाही राहिलं त्यांचं,’ ती म्हणाली आणि रडायला लागली.

‘प्रणय, छताकडे बघा,’ ऋजुता म्हणाली. त्याच्या पापण्या उचलल्या गेल्या नाहीत. ‘उशीवरून डोकं वर करा.’ त्यानं प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताणल्या, डोकं तिथेच राहिलं. ‘एका दमात आकडे म्हणा.’ तो एक, दोन, तीन म्हणाला, आणि चौथ्याला श्वास संपला.

माझ्या कानामागे नुसता कल्लोळ चालला होता.

‘मण्यार,’ ऋजुता म्हणाली. तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता.

लाखे सर खुर्ची ढकलून आले. ‘चावल्याची खूण कुठाय?’

‘मण्यारीची दिसेलच असं नाही, सर. दात बारीक, दुखत नाही, सूज नाही. झोपेत चावते. आधी पोटात दुखतं, मग पापण्या, मग गिळणं, मग श्वास.’

हे आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. लाखे सरांनी तर आम्हाला शिकवलं होतं. पोटदुखी घेऊन पहाटे येणारा, जमिनीवर झोपलेला माणूस म्हणजे आधी मण्यार साप आठवा, असं या भागातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोक्यात ठोकून बसवलेलं असतं. ज्ञान कुठे गेलं नव्हतं. ते बाहेर काढायला जी अस्वस्थता लागते ती कुणाकडे उरली नव्हती.

सरांचा चेहरा पांढरा पडला. पण माणूस जुना, हात लगेच चालायला लागले. विषावरच्या लशीच्या कुप्या फोडल्या, सलाइनमधून चालू केल्या. तोवर प्रणयची छाती उथळ झाली होती. बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा घसरायला लागला. ओठ निळसर झाले. स्नेहल त्याच्या पायांना धरून ‘उठा ना, उठा ना’ म्हणत होती. तिला बाजूला करायलाही कुणाला सवड नव्हती. सरांनी घशात नळी घालायचा प्रयत्न केला, लाळेनं काही दिसेना. आकडा आणखी घसरला. दुसऱ्या प्रयत्नात नळी गेली. मी फुगा दाबायला लागले. दाब, सोड. दाब, सोड. विष मज्जातंतूंच्या टोकांशी बसतं आणि स्नायूंपर्यंत निरोपच जाऊ देत नाही. माणूस आतून जागा असू शकतो, ऐकत असू शकतो, पण त्याला पापणीसुद्धा हलवता येत नाही. म्हणून ऋजुता त्याच्या कानाशी वाकून सांगत होती, ‘प्रणय, तुमचा श्वास आम्ही घेतोय. घाबरू नका. स्नेहल इथेच आहे.’

आकडा चढायला लागला तेव्हा मी पडद्याकडे पाहिलं. पट्टी अजून ऋजुताच्या डोक्याला होती. एवढ्या सगळ्या गोंधळात तिची रेघ एकदाही उठली नव्हती.

प्रणयला अतिदक्षता विभागात नेल्यावर आम्ही दोघी मागच्या जिन्यात बसलो. कितीतरी महिन्यांनी तशा बसलो असू.

‘तू त्याला वाचवलंस,’ मी म्हणाले.

‘तू बोलली नसतीस तर मी त्याला घरी पाठवलं असतं, मैथू. संध्याकाळपर्यंत तो गेला असता, आणि माझा शांतांक शंभर राहिला असता.’ ती हाताकडे बघत बोलत होती. ‘नंतरही काही वाटेना. आता भीती वाटतेय ती याची, की उद्या तू शेजारी नसशील आणि मला काहीच वाटणार नाही.’

माझा राग तिथेच गळून पडला. मी तिला जवळ घेतलं. तिला रडू आलं, आणि मला त्याचं बरं वाटलं, कारण निदान ते तरी तिच्यात शिल्लक होतं.

प्रणय बरेच दिवस यंत्रावर राहिला. एका दुपारी स्नेहल धावत आमच्या वॉर्डात आली आणि नुसती हातवारे करत राहिली. तिला बोलता येईना. आम्ही जाऊन पाहिलं. त्याची डावी पापणी उघडली होती. पूर्ण नाही, पण तो तिच्याकडे बघत होता.

त्यानंतर परीक्षेच्या समितीनं ऋजुताला बोलावलं. मलाही, कारण माझ्या पट्टीची नोंद त्यांना पडताळायची होती. टेबलापलीकडे परीक्षा नियंत्रक गाडगे सर आणि चेंडके मॅडम. मॅडमच्याही केसांखाली पट्टी होती; स्वतः न वापरलेली वस्तू त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती.

गाडगे सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी आधी चहा मागवला.

‘पोरी, तू जीव वाचवलास,’ ते म्हणाले. ‘तुझं नुकसान व्हावं असं आम्हाला कुणालाच वाटत नाही. आता बघ, तुझी रेघ सबंध वेळ सपाट आहे. इंजिनिअर म्हणतात, मेंदूला शंका आल्याशिवाय माणूस निदान बदलत नाही. म्हणजे तुझे संवेदक नीट टेकलेले नव्हते. तू तसं सांग. त्या दिवसाची मोजणी रद्द करतो. जागा तुझी.’

मी टेबलाखालून तिचा हात दाबला. हो म्हण, असं मला ओरडून सांगायचं होतं. मी काही मोठ्या मनाची नाही. माझ्या मैत्रिणीला तिची जागा मिळावी एवढंच मला त्या घटकेला कळत होतं.

‘संवेदक नीट होते, सर,’ ऋजुता म्हणाली. ‘मी दर वेळी तपासून बांधते. मला शंका आलीच नव्हती.’

‘मग निदान कसं बदललंस?’

‘ठरवून. माझं निदान चुकीचं आहे असं धरलं आणि पाडायला बसले. आम्ही पूर्वी करायचो तसं. वाटलं काहीच नव्हतं. मैथिलीची पट्टी बघा. तोच पेशंट, तीच खोली. तिला टोचत होतं. मला नाही.’

गाडगे सरांनी चष्मा काढला. ‘तू काय बोलतेस ते कळतंय का तुला? तुझा मेंदू शंका घ्यायचं विसरलाय, असं तू लिहून देणार? मग जागेचं तर सोडच, तुला डॉक्टर म्हणून नोंदणी तरी द्यायची का, हा प्रश्न येईल.’

‘यायला हवा, सर. माझी तपासणी करा. पण माझ्या एकटीची करू नका. माझ्याहून शांत मुलं गेली काही वर्षं इथून बाहेर पडलीयेत, तालुक्या-तालुक्यात बसलीयेत. पोटदुखी म्हणून त्यांनी घरी पाठवलेले किती जण परत आले नाहीत, ते कुणी शोधलं का?’

गाडगे सर मॅडमकडे बघायला लागले. ही पट्टी मॅडमचं आयुष्य होतं. त्या आता ऋजुताला झोडपतील असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात भांडायची तयारी केली.

मॅडम शांतपणे ऐकत होत्या. कपाळावर आठी नव्हती. त्या म्हणाल्या, ‘प्रामाणिक मुलगी आहे. पण एका केसवरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही. आपण संवेदकांचंच धरून पुढे जाऊ.’ त्यांनी समोरचा कागद जवळ ओढला, पेनाचं टोपण काढलं.

आणि त्या तशाच थांबल्या. त्यांचा हात सावकाश वर गेला. कानामागच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलं, जरा दाबलं, पट्टी चाचपली, पुन्हा बोट ठेवलं. मग त्यांनी टेबलावरचा स्वतःचा पडदा आपल्याकडे वळवला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या.

‘मॅडम?’ गाडगे सर म्हणाले.

‘परीक्षा थांबवा,’ मॅडम म्हणाल्या. ‘आज चालू आहे तीसुद्धा. सगळ्या केंद्रांवरची.’

‘अहो, असं कसं? कारण काय लिहू?’

मॅडमनी केसांतून पट्टी ओढून काढली. तिच्याबरोबर पांढरे केसही आले.

‘लिहा,’ त्या म्हणाल्या, ‘ही पोरगी एवढं सगळं बोलली, आणि मला काहीच खटकलं नाही.’